गुरुजींच्या शब्दावर घेतलेली गाय

भिमाजी गुरुजींना एक खोड होती. वरून आलेलं परिपत्रक ते खरोखर वाचायचे. बाकीच्या शाळांत परिपत्रक आलं की त्यावर सही व्हायची, ते फायलीला लागायचं, फाईल कपाटात जायची आणि सगळे पुन्हा आपापल्या कामाला लागायचे. पण मूल्यशिक्षणाचं परिपत्रक आलं तेव्हा बेल्ह्याजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेतून गुरुजींनी ते घरी नेलं, जेवणं झाल्यावर बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी गेरू कालवून शाळेच्या वर्गातली भिंत रंगवायला घेतली. श्रमप्रतिष्ठा, वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, सौजन्यशीलता, असं करत करत दहा मूल्यं झाली. दहावं लिहून झाल्यावर ब्रश हातात धरून गुरुजी भिंतीपुढं बराच वेळ उभे राहिले. या दहांत खरं बोलणं कुठंच नव्हतं.

"राहून गेलं असेल," ते म्हणाले, आणि अकरावं मूल्य त्यांनी आपल्या मनानं लिहून टाकलं.

आता इतकी वर्षं जिल्हा परिषदेत काढलेल्या माणसाला कळायला हवं होतं, की जे कागदावर नाही ते आपण होऊन अंगावर घ्यायचं नसतं. पण गुरुजी भाबडे होते. भाबडेपणाचा त्यांना थोडा अभिमानही होता, आणि माझ्या मते सगळं तिथंच बिघडलं.

भिंतीवर लिहून ते थांबले असते तरी चाललं असतं. त्यांनी परिपाठात भर घातली. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार झाला की रोज एका पोरानं पुढं येऊन एक खरी गोष्ट सांगायची. काहीही सांगा, गुरुजी छडी उगारणार नाहीत, रागावणार नाहीत, असा करार. पहिले काही दिवस पोरांनी चोरून खाल्लेल्या चिंचा आणि फोडलेल्या पाट्या सांगितल्या. मग त्यांचं स्वतःचं संपलं आणि घरचं सुरू झालं. एकानं सांगितलं, आमचे आण्णा डेअरीला दूध न्यायच्या आधी कॅनमध्ये तांब्याभर पाणी घालतात. एकीची आजी एकादशीला माजघरात बसून भाकरी खाते. ग्रामशिक्षण समितीचे अध्यक्ष गेणभाऊ यांच्या नातवानं तर हात जोडून, छाती काढून सांगितलं, की आजोबांनी शेजाऱ्याच्या बांधाचा दगड सरकवला आणि मी कंदील धरला होता.

गेणभाऊ त्याच दिवशी शाळेत आले. "गुरुजी, पोरांना काय शिकवायचं ते शिकवा," ते म्हणाले, "पर आमचा बांध कशाला शिकवता?"

वस्ती हसली, चिडली आणि मग पोरांना घरातूनच दटावणी मिळू लागली. हळूहळू पोरं पुन्हा चिंचांवर आली. एकटी हर्षाली तेवढी बदलली नाही.

हर्षाली ही कुंडलिकची मुलगी. सातवीत होती. ती दुसऱ्याचं कधी सांगायची नाही, स्वतःचंच सांगायची, आणि तेही असं की ऐकणाऱ्याला वाटावं आपणही एवढं सरळ असायला हवं होतं. "काल भरतचं गणित बरोबर आलं तवा मला वाईट वाटलं," असं एकदा म्हणाली. गुरुजी त्या दिवशी घरी जाऊन बायकोला म्हणाले, की एवढी एक पोरगी पुढं गेली तरी माझी नोकरी फुकट गेली नाही.

पुढं जाणं म्हणजे आठवीला राजुरीच्या हायस्कुलात जाणं. वस्तीवरची एकही मुलगी सातवीच्या पुढं गेलेली नव्हती. हर्षालीच्या वाटेत तर आणखी एक अडचण होती, ती म्हणजे घरची गाय. चांदी नावाची ही गाय मोठी दुधाची, पण हर्षालीखेरीज दुसऱ्या कुणाचा हात कासेला लागला की लाथ झाडायची. कुंडलिकच्या मांडीवर तिच्या खुराचा वण होता आणि त्याच्या आईनं, ठकूबाईनं, तर गोठ्यात पाऊल टाकणंच सोडलं होतं. सकाळ-संध्याकाळ धार काढायला पोरगीच पाहिजे, मग ती राजुरीला कशी जाणार? गुरुजी चार वेळा कुंडलिककडं गेले, चार वेळा चहा प्याले आणि शेवटी तोडगा निघाला. चांदी तेव्हा गाभण होती, दूध आटलेलं होतं. व्यायच्या आधीच तिला बेल्ह्याच्या बाजारात विकायची, आलेल्या पैशात हर्षालीला सायकल घ्यायची आणि तिनं आठवीला जायचं.

"शबूद हाय माझा," कुंडलिक म्हणाला. तो शब्दाचा पक्का माणूस होता. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढं त्याच्याबद्दल वस्तीवर बरंच वाईट बोललं गेलं.

होळीनंतरच्या बाजाराला कुंडलिक चांदीला घेऊन निघाला, पण चांदी वेशीच्या पुढं पाऊल टाकेना. हर्षालीनं कासरा धरला तशी मुकाट चालायला लागली. म्हणून पोरीला बरोबर घ्यावं लागलं, आणि बाजार करणाऱ्या माणसानं जे कधी करू नये ते कुंडलिकच्या हातून झालं. जनावरांच्या बाजारात जाणता गिऱ्हाईक मालकाला काही विचारत नाही. तो बरोबरच्या पोराला विचारतो. म्हणून विकणारे पोरं घरी ठेवून येतात, नाहीतर वाटेत पढवून आणतात. कुंडलिकनं पढवलं नाही. त्याला वाटलं, घरची पोर आहे, तिला काय सांगायचं.

पारनेरकडचा एक पाहुणा आला. चांदीची शिंगं, दात, कास सगळं बघून झालं. गाभण गाईची धार काढून बघता येत नाही, त्यामुळं बाकी सगळा बोलण्यावरचा व्यवहार. दोघांनी उपरण्याखाली हात घातले आणि आत बोटांची दाबादाबी सुरू झाली. वरून बघणाऱ्याला भाव कळू नये अशी ती रीत. सौदा अगदी जुळत आला होता. हात उपरण्यातच ठेवून पाहुण्यानं मान वळवली आणि सहज विचारलं, "काय गं पोरी, धारंला शांत हाय ना?"

हर्षाली म्हणाली, "न्हाई. लाथ मारती. फक्त मला काढू देती."

पाहुण्यानं उपरण्यातून हात काढला, पोरीच्या डोक्यावर ठेवला, "गुणाची हाय लेक," म्हणाला आणि निघून गेला. अर्ध्या तासात ही गोष्ट चहाच्या टपरीपासून टेम्पोच्या तळापर्यंत पोचली. त्या दिवशी चांदीकडं पुन्हा कुणी फिरकलं नाही. लोक लांबून बघायचे आणि हसायचे.

कुंडलिक पोरीला वाटेत एक शब्दही बोलला नाही. मारलं असतं तरी बरं झालं असतं असं तिला वाटलं असणार. घरी आल्यावर ठकूबाईनं मात्र शाळेच्या दिशेला तोंड करून गुरुजींच्या सात पिढ्या काढल्या.

गुरुजींना कळलं तेव्हा, खरं सांगायचं तर, आधी आनंदच झाला. आपली विद्यार्थिनी भर बाजारात खरं बोलली. दुसऱ्या दिवशी परिपाठात टाळ्या वाजवायच्या असंही त्यांनी ठरवून टाकलं. मग बायको म्हणाली, "आणि आठवीचं हो?" तेव्हा ते चपला घालून निघाले.

कुंडलिक ओट्यावर बसला होता. रागावलेला नव्हता. "सातवीची परीक्षा देऊ द्या तिला," तो म्हणाला. "पर आठवीचं नाव काढू नका. गाय खुट्याला हाय म्हंजी पोरगी बी खुट्याला हाय."

"पुढच्या बाजाराला बघू की. शेजारच्या कुणाला तरी कासऱ्याला घेऊन जा."

"ती पोरीबिगर पाऊल टाकीत न्हाई. आन आता समद्या बाजाराला ठावं झालंय. कोण इश्वास ठिवील?" मग म्हणाला, "एक करा. तुमी या. आंबेगावकडची नवी गिऱ्हाइकं येत्यात, त्यांना काय म्हाईत न्हाई. पर आमची लोकं त्यांच्या कानाला लागणारच. तवा तुमी शेजारी उभं ऱ्हायाचं आणि इचारलं तर गाय गरीब हाय म्हणायचं. बस. मास्तराचा शबूद कोण खोटा धरत न्हाई."

"कुंडलिक, अरे, मी कसं—"

"तुमी शिकवलं, त्याचं हे झालं. आता तुमीच निस्तरा. गाय गेली की म्या सायकल आणतो. माझ्याकडून फिरणार न्हाई."

गुरुजी उठून आले. पुढचे चार दिवस त्यांचं शिकवण्यात लक्ष नव्हतं. एकीकडं एक वाक्य आणि दुसरीकडं एका पोरीचं सगळं आयुष्य, असं ते स्वतःला पटवत होते. असा हिशेब मांडला की तो नेहमी आपल्या बाजूनंच सुटतो. शिवाय गाय नव्या दाव्याला गेली की सुधारतेही, असं कुणीतरी म्हणाल्याचं त्यांना आठवलं. कोण म्हणालं होतं ते काही आठवेना.

बाजाराच्या दिवशी त्यांनी रजा टाकली, धुतलेला पांढरा शर्ट आणि टोपी घातली आणि चांदीच्या बाजूला जाऊन उभे राहिले. कासरा हर्षालीच्याच हातात होता. गुरुजींना बघून तिला केवढं बरं वाटलं! तिला वाटलं, बाप रागावलाय म्हणून गुरुजी आपली बाजू घ्यायला आले.

आंबेगाव तालुक्यातून, घोडेगावकडचा सावळेराम नावाचा शेतकरी आला. साधा माणूस, डोळ्यात आर्जव असलेला. त्यानं गाय बघितली, मनात भरली. पण त्याच्याही कानावर काहीतरी आलंच होतं. तो कुंडलिककडं बघेना. पांढऱ्या शर्टाकडं वळला.

"तुमी मास्तर ना? म्या तुमास्नीच इचारतो. लोकं म्हंत्यात मारकी हाय. घरात मंडळी एकटीच धारंला असती माझी."

गुरुजींनी टोपी सारखी केली. "गरीब गाय आहे," ते म्हणाले. "मी रोज बघतो."

दुसरं वाक्य त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते आपोआप आलं.

सावळेरामचा चेहरा मोकळा झाला. जाता जाता तो हर्षालीकडं बघून हसला. "व्हय गं? गुरुजी म्हंत्यात ते खरं ना?"

हर्षालीनं गुरुजींकडं बघितलं. ती आता खरं सांगेल अशी गुरुजींना भीती वाटली. आणि सांगितलं तर फार बरं होईल असंही त्याच क्षणी त्यांना वाटून गेलं. पोरीनं कासरा हाताला गुंडाळला. मग मान खाली घालून म्हणाली, "व्हय. लई गरीब हाय."

उपरणं पसरलं गेलं, बोटं दाबली गेली आणि चांदी टेम्पोत चढली. टेम्पोत चढवायलाही हर्षालीलाच पुढं जावं लागलं.

कुंडलिकनं शब्द पाळला. आठवड्याच्या आत नारायणगावहून जुनी पण चांगली लेडीज सायकल आली. हर्षाली शाळेच्या पटांगणात पडत-उठत सायकल शिकू लागली आणि गुरुजी खिडकीतून बघत राहिले. परिपाठातली खरी गोष्ट मात्र आता परीक्षा जवळ आली या कारणानं बंद होती.

चांदी सावळेरामकडं व्याली. एप्रिलात एके दिवशी सकाळी शाळेपुढं टेम्पो थांबला. मागं चांदी होती, वासरू होतं आणि पुढं सावळेराम. तो कुंडलिककडं गेला नाही, सरळ शाळेत आला. चांदीच्या लाथेनं त्याच्या बायकोच्या मनगटाचं हाड मोडलं होतं. तो ओरडला असता तर गुरुजींना सोपं गेलं असतं. तो फक्त एवढंच म्हणाला, "गुरुजी, तुमच्या शब्दावर घेतली व्हती."

गेणभाऊंना बोलावणं गेलं. कुंडलिक आला. चार जाणती माणसं शाळेच्या व्हरांड्यात सतरंजीवर बसली. पोरं वर्गात, पण दारं सताड उघडी. बाजारातला माल परत घ्यायची रीत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. पण इथं शाळेचं नाव मध्ये आलं होतं, आणि गेणभाऊ असल्या वेळी फार हुशार.

"ह्यात गुरुजींचा काय दोष न्हाई," ते म्हणाले. "त्यांनला गाईतलं काय कळतंय? कुंडलिकनं सांगितलं गरीब हाय, ह्यांनी तसं सांगितलं. ह्यानं गुरुजींना फशिवलं. शाळंची अब्रू हाय, कुंडलिक. गाय मागं घे."

कुंडलिकनं गुरुजींकडं बघितलं. वाद घातला नाही, काही नाही, फक्त बघितलं, आणि वाट बघत बसला. गुरुजींनी आता तोंड उघडायचं होतं. मला माहीत होतं, मी जाणूनबुजून खोटं बोललो, एवढंच म्हणायचं होतं. त्यांनी तोंड उघडलंही. पण समोर वर्गातली सगळी पोरं माना उंच करून बघत होती आणि पोरांच्या डोक्यावरून भिंतीवरची अक्षरं दिसत होती. गुरुजींच्या मनात आलं, की आपण आत्ता खरं सांगितलं तर या पोरांचा खरं बोलण्यावरचा विश्वासच उडेल. शपथेवर सांगतो, त्यांच्या मनात हेच आलं, आणि त्या घटकेला त्यांना ते पटलंही.

ते गप्प बसले. कुंडलिक उठून टेम्पोजवळ गेला. चांदी उतरेना. मग वर्गातून हर्षाली आली, तिनं कासरा धरला आणि बापामागून गाय घेऊन घरी गेली. शाळा सुटायला अजून वेळ होता, पण तिला कुणी थांब म्हटलं नाही.

सावळेरामचे पैसे फेडायला सायकल दुसऱ्याच दिवशी नारायणगावला परत गेली. गुरुजींना फसवणारा माणूस म्हणून कुंडलिकचं नाव झालं आणि लोक त्याच्या तोंडावर तसं बोलायचे. त्यानं कधी कुणाला खुलासा केला नाही. गुरुजी समोरून आले तर तो रस्ता बदलायचा नाही, नमस्कारही करायचा. त्या नमस्कारानं गुरुजी अर्धे झाले. एकदा त्यांनी त्याला गाठून म्हटलं, "कुंडलिक, मी आपल्या पगारातून सायकल घेऊन देतो."

"नगं गुरुजी," तो म्हणाला. "धार कोण काढायची?"

सातवीचा निकाल लागला. हर्षाली पहिली आली. जून उजाडला, शाळा सुरू झाल्या. गुरुजींनी स्वतःची समजूत घातली होती, की बाप शेवटी बाप आहे, पाठवील. जुलैत ते राजुरीच्या हायस्कुलात गेले आणि आठवीच्या वर्गशिक्षकांना विचारलं. या नावाची मुलगी आमच्याकडं नाही, ते म्हणाले. दाखला न्यायलाच कुणी आलेलं नव्हतं, हे गुरुजींनाही माहीत होतं, कारण दाखला त्यांनीच द्यायचा होता. तरी ते विचारायला गेले होते.

येताना ते कुंडलिकच्या घरावरून आले. दिवस मावळायच्या आधीची वेळ. कुंडलिक घरात नव्हता, ठकूबाई आत पडून होती. हर्षाली गोठ्यापुढं वासराला बांधत होती. गुरुजींना बघून ती लगबगीनं पुढं आली. दोन-तीन महिन्यांत उंच झालेली वाटली.

"या ना गुरुजी. च्या ठिवते."

"नको, नको. सहज आलो होतो." मग तोंडातून निघून गेलं, "आठवीला जातेस ना?"

हे विचारायला नको होतं. ते विचारतानाच त्यांना कळलं.

"जाते की," हर्षाली म्हणाली. तिनं मान खाली घातली नाही. अगदी सरळ त्यांच्या डोळ्यांत बघितलं. "रोज जाते. जीपनी जातो आमी पोरी. इंग्रजीला नव्या बाई आल्यात, लई छान शिकवित्यात. म्या पैल्या बाकावर बसते."

"हो का?"

"व्हय. आणि बाई म्हणाल्या, तुझा पाया पक्का हाय. कोणाकडं शिकली इचारलं, तर म्या तुमचं नाव सांगितलं."

तिचे हात ओढणीत अर्धवट लपले होते, पण बोटं दिसत होती. टोमॅटोच्या तोडणीला जाणाऱ्यांची होतात तशी, नखांपर्यंत हिरवट काळी झालेली. साबणानं धुतली तरी ते काळं निघत नाही. सकाळी मजुरांची जीप वस्तीवरून बायका भरून नेते, संध्याकाळी धारेच्या वेळेला आणून सोडते, आणि ती जीप गुरुजींच्या शाळेवरूनच जाते. आपण रोज परिपाठाला पाठमोरे उभे असतो, म्हणून दिसलं नाही, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं.

पोरीला स्वतःला वाचवायचं नव्हतं. आता तिला कशापासून वाचायचं राहिलं होतं? तिला गुरुजींची दया आली होती. म्हाताऱ्या माणसाला रात्री झोप लागावी म्हणून ती बोलत होती, आणि एकही शब्द न अडखळता बोलत होती. बाईंचं नावसुद्धा तिनं तयार ठेवलं असतं, विचारलं असतं तर.

गुरुजींनी विचारलं नाही.

"शाब्बास," ते म्हणाले. "मन लावून अभ्यास कर."

"व्हय गुरुजी," हर्षाली म्हणाली, आणि धारेची वेळ झाली म्हणून चरवी घ्यायला आत गेली.